रोज तेच काम करणाऱ्या एकट्या माणसाची लघुकादंबरी कशी वाचावी

एक माणूस प्रागमधल्या एका तळघरात पस्तीस वर्षे रद्दी दाबतो आहे. घरी एकटाच राहतो. बोहुमिल ह्राबाल या चेक लेखकाची ‘प्रशिलिश ह्लुच्ना समोता’ ही लघुकादंबरी जवळजवळ एवढ्यावर उभी आहे. शीर्षकाचा अर्थ ‘फारच गोंगाटाचा एकांत’. आठ प्रकरणे, शंभरेक पाने. मराठी वाचकाच्या हाती बहुधा मायकेल हेन्री हाइम यांचा १९९० चा इंग्रजी अनुवाद येतो. पुस्तक बारीक दिसते म्हणून प्रवासात घेतले जाते आणि तिसऱ्या प्रकरणाच्या आसपास मिटते. तक्रार ठरलेली असते: काही घडतच नाही.

या जातीच्या कादंबरीत दिनक्रम हीच गोष्ट असते. गोष्ट कधी सुरू होईल याची वाट पाहत बसणारा वाचक ती सुरू असतानाच चुकवतो. म्हणून वाचायची रीत थोडी बदलावी लागते. ह्राबाल यांचे पुस्तक समोर ठेवून ती पुढे दिली आहे. शेवटी एका जपानी कादंबरीवर तीच रीत लावून दाखवली आहे.

बैठक आणि वेळ

इंग्रजीची सवय असलेल्या वाचकाला चार-पाच तास पुरतात. ते लागोपाठच्या तीन दिवसांत वाटा: पहिल्या दिवशी प्रकरणे १ ते ३, दुसऱ्या दिवशी ४ ते ६, तिसऱ्या दिवशी ७ आणि ८, आणि मग पहिली चार-पाच पाने पुन्हा. एका दमात वाचले तर पुनरावृत्ती अंगावर येते, थकवते. पंधरा दिवस लावले तर आधी काय म्हटले होते ते विसरते आणि पुनरावृत्ती लक्षातच येत नाही. तीन दिवस लावले की वाचकालाही त्या माणसाचा ‘रोज’ लागतो.

परिच्छेद फार लांब आहेत आणि वाक्ये वळसे घेत अर्धे पान खातात. त्यामुळे मध्येच थांबलात तर परत जागा सापडत नाही. थांबायचे ते प्रकरण संपल्यावर. मोबाइलवर येता-जाता दोन-दोन पाने वाचायची असतील तर हे पुस्तक सध्या हाती घेऊ नका. मऊ पेन्सिल आणि एक कोरा कागद मात्र जवळ हवा.

आधी यंत्र समजून घ्या

नायकाचे नाव हान्त्या. त्याचा स्वभाव, त्याचे दुःख वगैरेंकडे नंतर वळू. पहिल्या दिवशी त्याचे काम शिकायचे, नव्याने नोकरीला लागलेल्या माणसाने शिकावे तसे. कागदावर तळघराचा आडवा-उभा छेद काढा. वर अंगण. तळघराच्या छताला एक झाकण. त्यातून वरून रद्दी खाली ओतली जाते आणि तिथूनच साहेब ओरडतो. खाली कागदाचा डोंगर. डोंगराशेजारी हायड्रॉलिक प्रेस. तिला दोन बटणे: हिरवे दाबले की दाबणारी भिंत पुढे सरकते, लाल दाबले की मागे येते. दाबून झालेली गाठ बांधायची आणि बाहेर पाठवायची.

खानदेश-विदर्भातल्या वाचकाला हे यंत्र समजवावे लागणार नाही. जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईची १७० किलोची गाठ बांधतात, त्या कामाचेच हे भावंड. मोठ्या शहरांत रद्दीच्या गोदामातही अशी प्रेस असते. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांनी एक गोष्ट मनात धरावी: प्रेसमध्ये गेलेली वस्तू एका झटक्यात दाबली जात नाही. आधी हवा जाते, मग कागद कुरकुरतो, मग तो ठोकळा होतो. ही गती पुस्तकभर कामी येते, कारण ह्राबाल यांची वाक्येही तशीच भरत भरत दाबली जातात.

आता या कामातली हान्त्याची स्वतःची भर. रद्दीत चांगली पुस्तके येतात, ती तो बाजूला काढतो. काही पिशवीत घालून घरी नेतो. काही गाठीच्या पोटात उघडी ठेवतो: एखाद्या गाठीत ग्योटेचा ‘फाउस्ट’, एखादीत नीत्शेचा ‘झरथुष्ट्र’. गाठीच्या बाजूंना प्रसिद्ध चित्रांच्या छापील प्रती लावतो. आत काय आहे हे जगात त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नसते आणि गाठ शेवटी कागदगिरणीत लगद्यातच जायची असते. या पुस्तकाची ओढ नेमकी इथे आहे. काम नष्ट करण्याचे आहे, आणि करणारा ते लेणे कोरल्यासारखे करतो. एवढे पहिल्या दिवशी हाती लागले तर पुढचे सारे सोपे जाते.

अशा नेमामुळे काम मागे पडते. कागदाचा डोंगर वाढतो, साहेब शिव्या घालतो, हान्त्या बिअरचे मग आणतो आणि पुन्हा वाचत बसतो. हे चक्र नीट ध्यानात घ्या. पुढे त्याचे जे होते त्याचे मूळ या चक्रात आहे, कोण्या खलनायकाच्या कारस्थानात ते सापडणार नाही.

दोन रकाने

कोऱ्या कागदाच्या मागच्या बाजूला दोन रकाने आखा. डावीकडे ‘रोजचे’, उजवीकडे ‘आजचे वेगळे’. डाव्या रकान्यात दहा-बारा नोंदींपेक्षा जास्त काही येणार नाही: बटणे, झाकण, साहेब, बिअर, उंदीर, घरी नेलेली पुस्तके, पलंगावर छताशी रचलेली दोन टन पुस्तके, ती अंगावर कोसळतील ही भीती, निवृत्तीला उरलेली पाच वर्षे. निवृत्त झाल्यावर हीच प्रेस विकत घ्यायची आणि मामाच्या बागेत बसवून दिवसाला एकच, पण मनासारखी गाठ बांधायची, हा त्याचा बेत. तोही याच रकान्यात लिहा, कारण तो बेतही रोजचाच आहे.

उजवा रकाना हळूहळू भरतो. कसायांकडून रक्ताने माखलेला कागद येतो आणि त्यावर माश्यांचे घोंगावते ढग. प्रशियाच्या राजग्रंथालयातली युद्धात हाती लागलेली पुस्तके रेल्वेच्या उघड्या वाघिणींतून पावसात भिजत जातात. पूर्वी विद्यापीठात शिकलेली, आता गटारात काम करणारी माणसे उंदरांच्या दोन टोळ्यांतल्या युद्धाची बातमी सांगतात. नोंद करताना पान क्रमांक टाका, एका ओळीपेक्षा जास्त लिहू नका.

रकाना असा का भरायचा? कारण या पुस्तकात मोठ्या घटना लहान घटनांच्याच आवाजात सांगितल्या आहेत. ज्या जिप्सी मुलीबरोबर तो काही काळ राहिला, तिला नाझींनी नेले आणि ती परतली नाही, हे उंदीर-बिअरच्या ओघात येते. भरभर वाचणाऱ्याच्या नजरेतून ते निसटते. तिच्याबद्दलचा प्रत्येक उल्लेख चौकटीत टाका. पतंग, चूल, तिचे गप्प राहणे, सगळेच. तिचे नाव त्याला आठवत नाही, तेही लिहून ठेवा.

पेन्सिलीचे चिन्हही ठरवून घ्या. पुन्हा आलेल्या वाक्याखाली सरळ रेघ. अनेक प्रकरणे ‘पस्तीस वर्षे मी रद्दी दाबतो आहे’ अशा अर्थाच्या वाक्याने उघडतात. मात्र दर वेळी त्या वाक्याला वेगळे शेपूट असते. रेघ मारायची ती शेपटीखाली. पहिल्यांदा ते प्रेमकथेसारखे लागते, नंतरच्या वेळी त्यात दुसरेच काही मिसळते. वाक्य तेच आणि माणूस मात्र हललेला, हा या जातीच्या लेखनातला सर्वात अवघड हातखंडा आहे. तो पकडल्यावर कंटाळा उरत नाही. आकाश दयाळू नाही, अशा अर्थाचे एक पालुपदही वारंवार येते. त्यावरही रेघ हवी.

मोठ्याने वाचा, निदान पानभर तरी

ह्राबाल यांनी ही कादंबरी १९७० च्या दशकाच्या मध्याला तीनदा लिहिली: आधी मुक्तछंदात, मग प्रागच्या बोलीत, शेवटी प्रमाण चेक भाषेत. प्रमाण भाषेतल्या खर्ड्यातही कवितेचा श्वास आणि गुत्त्यातले बोलणे दोन्ही शिल्लक आहे. डोळ्यांनी वाचताना वाक्य गुंतागुंतीचे वाटते. तेच ओठांवर आणले की कळते, हा माणूस बिअरच्या मगातल्या फेसाकडे बघत बोलतो आहे आणि मध्ये कुणी थांबवेल म्हणून घाई करतो आहे. प्रत्येक प्रकरणाचे पहिले पान मोठ्याने वाचले तर पुरे. स्वल्पविरामावर छोटा श्वास घ्या, पूर्णविरामाची वाट बघू नका, तो लवकर येत नाही.

आकड्यांसाठीही वेगळे कान लागतात. महिन्याला दोन टन, पस्तीस वर्षे, ऑलिंपिकचा पोहण्याचा तलाव भरेल इतकी बिअर. हे हिशेबाने तपासू नका. आपल्याकडे पारावर बसलेला म्हातारा ‘हजारदा सांगितलं’ म्हणतो, तितकाच त्या आकड्यांचा अर्थ. फक्त एक आकडा काटेकोर धरा: पस्तीस. तो जिथे जिथे येतो तिथे वर्तुळ करा.

नावे शोधत बसू नका

हान्त्या न थांबता नावे घेतो: कांट, हेगेल, शोपेनहाउर, नोव्हालिस, लाओत्से. प्रत्येक नावावर थांबून विश्वकोश उघडणारा वाचक दुसऱ्या दिवसाच्या आत पुस्तक सोडतो. हान्त्याचे ज्ञान रद्दीतून वेचलेले, क्रम नसलेले आहे. त्याला ती नावे माहीत आहेत ती देवळातल्या मूर्ती माहीत असाव्यात तशी. वाचकालाही तेवढीच ओळख पुरते.

अपवाद एक जोडी. माश्यांच्या प्रसंगी त्याला येशू आणि लाओत्से दोघे प्रेसजवळ दिसतात. येशू तरुण, पुढे धावणारा, जग बदलायला निघालेला. लाओत्से म्हातारा, उगमाकडे परतणारा. हा भाग दोनदा वाचा. पुढे कादंबरी ज्या टकरीकडे जाते तिचे बी इथे पेरले आहे.

इतिहास किती लागतो

तीन खुंट्या पुरतात. जर्मन ताब्यातली वर्षे: जिप्सी मुलगी त्या काळात नाहीशी झाली. युद्धानंतरची लूट आणि तिची नासाडी: ग्रंथालयाचा प्रसंग. आणि कम्युनिस्ट राजवट, जिच्यात नको असलेली पुस्तके लगद्याला जात. ह्राबाल यांनी हे आतून पाहिले होते. कायद्याची पदवी असून त्यांनी १९५० च्या दशकात प्रागच्या स्पालेना रस्त्यावरच्या रद्दी-केंद्रात काम केले. १९७० मध्ये त्यांची स्वतःची छापून झालेली पुस्तके नष्ट केली गेली. ही कादंबरीदेखील आधी टंकलिखित प्रतींतून हातोहात फिरली, १९८० मध्ये परदेशात छापली गेली आणि देशात अधिकृतपणे १९८९ मध्ये आली.

हे एवढे वाचून झाले की बाजूला ठेवा. सर्वात जास्त नुकसान करणारी चूक इथे होते: ‘हुकूमशाहीवरचे रूपक’ असा शिक्का मारून पुस्तक बंद करणे. तसे वाचले तर दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. पहिली, पुस्तके दाबणारा हात हान्त्याचाच आहे. तो बळी आहे आणि त्याच कामाचा कारागीरही. दुसरी, त्याचा घास घेणारी गोष्ट बुब्नी भागातली नवी राक्षसी प्रेस आहे, जी वीस प्रेसचे काम एकटी करते. तिथले तरुण कामगार हातमोजे घालतात, दूध पितात, सुट्टीत ग्रीसला जायचे बेत करतात आणि पुस्तकाकडे बघतही नाहीत. ते दुष्ट नाहीत, उलट निरोगी आणि आनंदी आहेत. बुब्नीचे प्रकरण वाचताना कागदावर तिसरा छोटा रकाना करा आणि हान्त्याची व त्यांची सवय शेजारी शेजारी मांडा: बिअर–दूध, उघडे हात–हातमोजे, एक गाठ–वीस गाठी. कागद हाताला लागण्याचे सुख एकाला आहे, दुसऱ्यांना नाही. त्या हातमोज्यांचा हान्त्याला जो संताप येतो तो राजकीय म्हणून वाचला तर अर्धाच कळतो.

यानंतर त्याला तळघरातून काढून छापखान्यात कोरा कागद बांधायला पाठवण्याचे ठरते. ‘कोरा’ या शब्दावर थांबा. पस्तीस वर्षे छापील कागदात हात घातलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा ह्राबाल यांना सुचू शकली नसती.

वाचक कुठे अडखळतात

मांचा नावाच्या मैत्रिणीचे प्रसंग. तिच्या वाट्याला दोनदा भर लोकांत विष्ठेची फजिती येते, एकदा नाचताना केसांच्या फितीमुळे आणि एकदा स्कीवर. बऱ्याच जणांना इथे किळस येते आणि लेखक पाचकळ वाटू लागतो. पान उलटू नका. तीच मांचा पुढे पुन्हा भेटते, तेव्हा तिने पुस्तके न वाचता काय मिळवले आणि हान्त्याने वाचून काय मिळवले, हे शेजारी ठेवले जाते. फजिती वगळली तर ती तुलना पोकळ होते.

आईची राख आणि मामाचा मृत्यू. दोन्ही वर्णने अंगावर येतात. मामाला उन्हाळ्यात मरून बरेच दिवस झालेले असतात. जेवताना वाचू नये, एवढेच. या प्रसंगांत हसू आले तर अपराधी वाटून घेऊ नका, ते लेखकाला हवे आहे.

कीव करणे. ‘बिचारा एकटा’ असे वाटू लागले की समजा, वाचन घसरले. हान्त्या स्वतःला बिचारा समजत नाही. त्याच्या डोक्यात एवढी माणसे बोलत असतात की शांतता मिळत नाही. शीर्षकातला गोंगाट तोच. कीव वाटली की डाव्या रकान्याकडे परत या आणि त्यातल्या किती गोष्टी त्याने स्वतः निवडल्या आहेत ते मोजा.

शेवटचे प्रकरण

ते वाचण्याआधी दहा मिनिटे फक्त आपला कागद वाचा. उजव्या रकान्यातल्या ज्या नोंदी अजून कुठे जुळल्या नाहीत त्यांवर खूण करा. पतंग आणि विसरलेले नाव त्यात असतीलच. मग आठवे प्रकरण सलग वाचा. काय होते ते इथे लिहीत नाही. हिरवे आणि लाल बटण मात्र डोळ्यांसमोर असू द्या. तुम्ही पहिल्या दिवशी काढलेला प्रेसचा छेद इथे पुरेपूर वसूल होतो.

संपल्यावर प्रतिक्रिया शोधायला जाऊ नका. पहिल्या प्रकरणाची पाच पाने उघडा. ‘प्रेमकथा’ हा शब्द आता कसा लागतो ते पाहा.

हीच रीत दुसऱ्या पुस्तकावर

सायाका मुराता यांची ‘कोंबिनी निंगेन’ ही जपानी लघुकादंबरी २०१६ ची. तिला त्याच वर्षी आकुतागावा हा जपानमधला मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला. इंग्रजी अनुवाद गिनी टॅपली ताकेमोरी यांचा. नायिका केइको, वय ३६, एकाच चोवीस तास उघड्या दुकानात १८ वर्षे अर्धवेळ नोकरी. लग्न नाही, तशी इच्छाही नाही.

इथे यंत्राचा छेद काढायची गरज नाही, आवाजांची यादी करा. पुस्तक दुकानाच्या आवाजांनीच सुरू होते आणि केइको डोळ्यांआधी कानांनी काम करते. डावा रकाना या वेळी फार लवकर भरतो, कारण तिचा दिनक्रम तिने रचलेला नाही. तो प्रशिक्षणात शिकवलेला आहे, गिऱ्हाइकाचे स्वागत कोणत्या शब्दांत आणि हसू कसे, इथपर्यंत. बोलण्याची ढब आणि कपडेही ती सहकाऱ्यांकडून उचलते. हान्त्याने नियमाच्या कामात आपले वेड घुसवले. केइकोला नियमच हवे आहेत, कारण त्यांच्याबाहेर माणसांत कसे वागावे ते तिला उमगत नाही. त्यामुळे उजव्या रकान्यात इथे घटनांऐवजी लोकांचे प्रश्न लिहा: लग्न कधी, चांगली नोकरी का नाही, बरी आहेस ना. मराठी घरातल्या कोणत्याही अविवाहित बाईला ही यादी पाठ असेल.

ती काम सोडते तो भाग सावकाश वाचा. दिवसाचे तास कसे ओघळून जातात, झोप आणि जेवण यांच्या वेळा कशा सैल पडतात, हे थोडक्या पानांत आहे आणि साध्या शब्दांत आहे. म्हणून नजरेतून जाते. तिथे डाव्या रकान्यातली एकेक नोंद खोडत जा. किती उरल्या ते मोजा आणि मगच शेवटाकडे वळा.

दोन्ही पुस्तके वाचनकट्ट्यावर घ्यायची असतील तर सहा-सात जण आणि दीड तास पुरे. आधी प्रत्येकाने फक्त आपला उजवा रकाना वाचून दाखवायचा, मत सांगायचे नाही. एकाच शंभर पानांतून प्रत्येकाचा रकाना वेगळा निघतो. चर्चा तिथून सुरू करा.